दर अठरा दिवसांनी एक आणा: एका रोजकीर्दीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी मोडी वाचते. लोक घरातल्या जुन्या ट्रंका, बाडं, वह्या घेऊन येतात आणि 'यात काय आहे ते सांगा' म्हणतात. बहुतेक वेळा जमिनीचा वाद निघतो, नाहीतर कुणाकडून किती येणं होतं त्याचे कागद. हे प्रकरण वेगळं निघालं म्हणून सविस्तर लिहिते आहे. घराची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत आणि माणसांची नावं कुठंच दिलेली नाहीत.

सातारा जिल्ह्यातलं, कृष्णेकाठचं, भटभिक्षुकांची चांगली वस्ती असलेलं एक गाव. तिथलं एक ब्राह्मण घराणं. थोडी इनाम जमीन, थोडी सावकारी, वाडा नदीपासून चार गल्ल्या आत. आज घरातले सगळे पुण्या-मुंबईत आणि परदेशात आहेत. त्यांनी कुलसंमेलन भरवायचं ठरवलं आणि त्या निमित्तानं घराण्याचा इतिहास छापायचा घाट घातला. पुढाकार नानांचा. निवृत्त इंजिनियर, वय सत्तरीच्या पुढं, कामाला चोख. त्यांच्या जोडीला पुतणी, ती बँकेत नोकरी करते. ट्रंक माझ्याकडं आणून दिली ती तिनंच.

या घरात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती. नानांच्या पणजोबांची थोरली मुलगी, घरात सगळे तिला आक्का म्हणत, चौदाव्या वर्षी विधवा झाली. पणजोबांनी तिला सासरहून उचलून आणलं आणि गावाचा विरोध पत्करून तिचे केस राखले. 'आमच्या घरात केशवपन झालं नाही' हे वाक्य आधीच्या दोन संमेलनांत भाषणात येऊन गेलं होतं. पुरावा म्हणून दोन वस्तू दाखवल्या जात. एक फोटो, साधारण १९०५ च्या सुमाराचा, पुण्यात काढलेला. त्यात आक्का मागच्या रांगेत उभी आहे, पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, पण डाव्या कानाजवळ केसांची बट स्पष्ट दिसते. दुसरा पुरावा म्हणजे पणजोबा 'सुधारक' मागवत, त्याची वर्गणी. आगरकरांनी १८८८ साली सुरू केलेलं हे साप्ताहिक. केशवपनावर त्यांनी त्यात जे लिहिलं ते वाचून सनातनी मंडळींचं पित्त खवळत असे. हे पत्र घरी घेणारा बाप लेकीचं वपन कसं करवील, असा नानांचा युक्तिवाद होता. ऐकायला तो चोख वाटतो.

ट्रंकेत काय होतं

शके १८०५ ते १८२६ या काळातल्या रोजकीर्दी, मधली १८१५ ची वही गहाळ. धान्याची एक वेगळी वही. काही पत्रं, लग्नाच्या याद्या, एक फाटकं पंचांग. रोजकीर्द म्हणजे रोजचा जमाखर्च. आधी पानभर शिरोरेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं, शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळायचं नाही. पणजोबांचं अक्षर बारीक, तिरकं आणि घाईचं. शाई वाळवायला टाकलेली वाळू शिवणीत अजून होती. पान उलटलं की टेबलावर दोन-चार कण पडत. सव्वाशे वर्षांपूर्वीची नदीची वाळू मी रोज संध्याकाळी फडक्यानं पुसून काढत होते.

अशा वह्यांतून घर दिसतं तसं पत्रांतूनसुद्धा दिसत नाही. घासलेटची बाटली, पैशाचं कार्ड (पोस्टकार्ड १८७९ साली आलं आणि पाव आण्याला मिळू लागलं, तेव्हापासून ते 'पैशाचं कार्ड'च), वाठार स्टेशनापर्यंतचं गाडीभाडं, श्रावणीची दक्षिणा, म्हशीची पेंड, मुलाच्या मुंजीला आणलेलं बेळगावी लोणी. चहापूड पहिल्यांदा शके १८१७ मध्ये दिसते. 'औषधार्थ' असं पुढं लिहिलंय. दोन वर्षांनी 'औषधार्थ' गळतं आणि चहापूड राहते. अशा गमतीत दिवस मजेत जात होते.

मग न्हाव्याच्या नोंदी दिसायला लागल्या.

प्रश्न

एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. गावाकडं न्हाव्याला रोख पैसे देत नसत. तो बलुतेदार. सुगीला खळ्यावर त्याचं ठरलेलं धान्य मिळायचं आणि त्या बदल्यात वर्षभर घरातल्या पुरुषांची हजामत. त्यामुळं अशा घराच्या रोजकीर्दीत न्हावी दिसायलाच नको, तो धान्याच्या वहीत दिसायला हवा. तिथं तो होताच: दरसाल सहा पायल्या ज्वारी. मग रोजकीर्दीत 'न्हावी' आणि पुढं एक आडवी रेघ, म्हणजे एक आणा, हे कशाचं?

पहिल्या वह्यांत नोंद अशी आहे: 'न्हावी, मातुश्रींस'. पणजोबांची आई विधवा होती, घरातच होती. दर पंधरा-वीस दिवसांनी एक आणा. शके १८०९ च्या भाद्रपदात मातुश्री वारल्या, दिवसांचा खर्च लागला आणि न्हाव्याची नोंद थांबली. तीन वर्षं ती कुठंही नाही.

शके १८१२ च्या ज्येष्ठात, म्हणजे १८९० च्या उन्हाळ्यात, जावयाच्या निधनाची वार्ता आली. घरातून दोन माणसं गेली, त्यांचा प्रवासखर्च आहे. आषाढात आक्का माहेरी आली, गाडीभाडं लिहिलेलं आहे. तोवर बाप तिच्या नावामागं 'चि. सौ.' लिहीत असे. आषाढापासून नुसतं 'चि.' आहे. बापाच्या हातून 'सौ.' कसं सुटलं असेल याचा मी त्या दिवशी जरा जास्तच विचार केला. पुढची पानं वाचायची राहिली.

श्रावण, भाद्रपद, आश्विन. न्हाव्याची नोंद नाही. आणि मग कार्तिक वद्य पंचमीला: 'न्हावी, चि. आक्कास', पुढं आडवी रेघ.

तिथून शके १८१९ च्या कार्तिकापर्यंत सात वर्षं. गहाळ वही सोडून मी मोजल्या, ११८ नोंदी. सरासरीनं दर अठरा दिवसांनी एक. 'सुधारका'ची वर्गणीही याच वह्यांत आहे. १८१२ च्या मार्गशीर्षात ती भरली, पहिल्या वपनानंतर महिनाही झाला नव्हता. एकाच हातानं, एकाच शाईनं, दोन्ही नोंदी एका पानावर.

घराण्याची गोष्ट वहीशी जुळत नव्हती. माझ्यापुढं प्रश्न होता तो हे सांगायचं कसं आणि छापायचं काय, याचा.

पहिला निर्णय, आणि माझी चूक

मी नानांना फोन करून सांगून टाकलं. हे चुकलं. तेव्हा मी फक्त १८१६ पर्यंत वाचलं होतं आणि माझ्या डोळ्यांपुढं एवढंच होतं की गोष्ट खोटी आहे. पुढं काय आहे ते पाहिलं नव्हतं. नाना शांतपणे म्हणाले, "ताई, तुमचं वाचण्यात काही चुकत नाहीये ना?" मी म्हटलं, नाही. त्यांनी फोन ठेवला आणि तीन आठवडे केला नाही. पुतणीनं नंतर सांगितलं की त्या तीन आठवड्यांत त्यांनी स्मरणिकेतलं आक्काचं पान काढून टाकायला सांगितलं होतं.

पूर्ण बाड वाचून झाल्याशिवाय घरच्यांना निष्कर्ष सांगायचा नाही, हा नियम मी स्वतःच इतरांना सांगत असते.

पुढच्या वह्यांत काय निघालं

शके १८१९, इसवी सन १८९७-९८. मुंबईत १८९६ च्या पावसाळ्याअखेर सुरू झालेला प्लेग पुण्यामार्गे सातारा भागात उतरला होता. मार्गशीर्षात हे घर गाव सोडून शेतात झोपड्यांत राहायला गेलं. बांबू, कडबा, दोर, सुतळी, चार मजूर अशा खर्चांनी दोन पानं भरली आहेत. न्हाव्याची शेवटची नोंद त्याआधीची, कार्तिकातली. फाल्गुनात घर परत वाड्यात आलं. न्हावी परत आला नाही. त्या नोंदी पुढं कधीच नाहीत.

आणि मग शके १८२०, चैत्र. यात्रेतला खर्च. नारळ, बत्तासे, मुलांना भिंगरी, देवळात पैसा. त्याखाली पणजोबांच्याच अक्षरात: 'फणी १, आक्कास', एक आणा.

मी ती ओळ तीनदा वाचली. मोडीत असा एखादा शब्द आपल्याला हवा तसाही वाचता येतो, म्हणून एका जुन्या वाचकांकडून, संदर्भ न सांगता, वाचून घेतली. त्यांनीही 'फणी' म्हटलं.

म्हणजे फोटो खोटा नव्हता. कानाजवळची ती बट १९०५ ला होतीच. घराण्याची गोष्टही समूळ खोटी नव्हती. आक्का माहेरी आली ती सकेशा, म्हणजे केस राखलेली, आली आणि पाच महिने तशी राहिली. शेवटची बरीच वर्षंही तशीच राहिली. मधली सात वर्षं तेवढी आठवणीतून गळून पडली होती. आलवणाची, म्हणजे विधवेच्या लाल लुगड्याची, खरेदी मात्र शके १८२० नंतरही चालू आहे, दर दीड-दोन वर्षांनी एक. केस आले म्हणून वेष बदलला असं झालं नाही.

पाच महिने धरलेलं कार्तिकात का सोडलं? याचं उत्तर मार्गशीर्षाच्या पानांत आहे. धाकट्या मुलीची सोयरीक जमली, माघात लग्न झालं. घरात सकेशा विधवा असली तर तिच्या हातचं पाणी श्राद्धाला चालत नसे, भिक्षुक पानावर बसत नसत आणि पाठच्या बहिणींना स्थळं येत नसत. हे सगळं एका शब्दात यायचं: ग्रामण्य, म्हणजे जातीनं टाकलेला बहिष्कार. त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १८९० ला, पुण्यात पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून रानडे-टिळकांसारख्या माणसांवर ग्रामण्याचं बालंट आलं, शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत पोचलं. १८९३ ला धोंडो केशव कर्व्यांनी एका विधवेशी पुनर्विवाह केला तर त्यांच्याच गावच्या मुरुडकरांनी त्यांच्याशी व्यवहार तोडला. नावाजलेल्या माणसांची ही गत, तिथं लेकी उजवायच्या असलेल्या एका खेड्यातल्या इनामदाराची ताकद पाच महिनेच पुरली, याचं मला नवल वाटलं नाही. त्याला सूट द्यावी असंही मला म्हणायचं नाही. वस्तऱ्याखाली त्याचं डोकं नव्हतं.

धान्याची वही

इथपर्यंत नाना माझ्यासोबत आले. म्हणजे फोन सुरू झाला, ते स्वतः येऊन पानं पाहून गेले. फणीच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. "मग छापा. शेवटी पणजोबांनी थांबवलंच ना," ते म्हणाले.

पुतणी म्हणाली, "नानाकाका, त्यांनी थांबवलं हे कुठं लिहिलंय?"

तिचं बरोबर होतं. थांबलं एवढंच वहीत आहे. मी धान्याची वही पुन्हा उघडली. शके १८१८ च्या दुष्काळात सगळ्याच बलुतेदारांचं धान्य निम्म्यावर आलं होतं. सुतार आठावरून चार, न्हावी सहावरून तीन, लोहार पाचावरून अडीच. १८१९ च्या माघात ज्वारी बरी आली. सुतार पुन्हा आठ, लोहार पुन्हा पाच. न्हावी तीन. त्याच्या पुढच्या साली न्हावी तीन. त्याच्याही पुढच्या साली तीन. पणजोबा शके १८२२ ला वारले. मुलाच्या अक्षरातल्या वहीत, १८२३ च्या माघात, न्हावी पुन्हा सहा पायल्या.

वपन थांबलं त्याच्या तिसऱ्या महिन्यापासून पणजोबा हयात असेपर्यंत, गावात फक्त एकाच बलुतेदाराचं धान्य या घरानं अडवून धरलं होतं.

नानांचं म्हणणं: काम कमी झालं म्हणून धान्य कमी. माझं म्हणणं: आक्काचं काम धान्यात नव्हतंच, त्याचा रोख आणा वेगळा होता. घरातल्या पुरुषांची डोकी तेवढीच होती, उलट धाकट्या मुलाची मुंज झाल्यानं एक वाढलं होतं. नाना हिशेबी माणूस. त्यांनी ते मान्य केलं. त्यापुढची पायरी मात्र त्यांना चढवेना. मला तोवर वाटत होतं की या घराला सात वर्षांची लाज पचायला जड जाईल. ती पचली होती. थांबवण्याचं श्रेय दुसऱ्या कुणाचं असू शकेल, तेही बलुतेदाराचं, हे पचत नव्हतं.

न्हाव्याच्या घरी

त्या बलुतेदाराचं नाव वहीत आहे. त्याच नावाचं घर गावात अजून आहे, पणतू स्टँडजवळ सलून चालवतो. मी आणि पुतणी गेलो. पणतूनं चहा मागवला आणि विषय काढताच म्हणाला, "आमच्या पणजोबांनी वस्तरा खाली ठेवला, हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय. मुंबईला सभा झाली होती ना, त्यामुळं." १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईत न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांचं वपन न करण्याचा ठराव केला, ती ही सभा. सत्यशोधकांच्या कामातलं हे एक ठळक पान आणि नाभिक समाजात त्याचा रास्त अभिमान आहे. अडचण एवढीच की वहीत पहिलं वपन त्याच १८९० च्या शेवटाला आहे आणि पुढं सात वर्षं हाच माणूस दर अठरा दिवसांनी परसदारी आला आहे. सभेची वार्ता कृष्णाकाठी पोचायला सात वर्षं लागली असतील का? लागू शकतात. नाहीतर ठराव ऐकूनही पोटासाठी यावं लागलं असेल. सहा पायल्या ज्वारी सोडणं सोपं नाही.

आत माजघरात पणतूची आई होती. नव्वदीला टेकलेली, ऐकू कमी येणारी. ती त्या माणसाची नातसून. ती म्हणाली, "आजेसासरा म्हणायचा, पोरीच्या डोस्क्याला हात लावताना माझाच हात कापायचा. शेवटी न्हाई म्हणला. त्येनी दाणं तोडलं." 'दाणं तोडलं' हे तिनं आपणहून सांगितलं. धान्याच्या वहीबद्दल आम्ही तोवर एक शब्द काढला नव्हता.

दुसऱ्या खेपेला मी रेकॉर्डर घेऊन गेले तर तिनं जरा वेगळं सांगितलं. पलेगात कुणी कुणाच्या घरी जात नव्हतं, गाव रानात पांगलं होतं, तिकडं गेलाच नाही, आणि मग परत जायचं त्याच्या जिवावर आलं. मला ही दुसरी तऱ्हा जास्त खरी वाटते. ठरवून केलेल्या नकारापेक्षा, सवय एकदा तुटली आणि मग ती जोडायला हात उठला नाही, असं माणसांचं जास्त होतं. पण तिच्या दोन्ही सांगण्यांत दाणं तुटलेच होते.

पर्याय

छपाईला दोन महिने उरले तेव्हा नानांच्या घरी बैठक झाली. नाशिकचे एक चुलतभाऊ, पुतणी, मी. चार वाटा मांडल्या गेल्या.

जुनी गोष्ट तशीच छापायची. हे नाशिककरांचं म्हणणं. "संमेलनाला लोक जेवायला येतात, खटला चालवायला नाही." हसू आलं सगळ्यांना. पण पानं पाहिल्यावर नानांनाच ते नको होतं.

आक्काचा विषय गाळायचा. हे सगळ्यात सोपं होतं आणि मला सगळ्यात वाईट वाटत होतं. त्या ट्रंकेत आक्काचं स्वतःचं एक अक्षर नाही. ती आहे ती बापाच्या खर्चात: आलवण, औषध, न्हावी, फणी. तेही गाळलं तर ती फोटोतल्या मागच्या रांगेतली बाई एवढीच उरते.

पणजोबांनी थांबवलं असं छापायचं. फणीचा आधार होता, शेवटच्या मुलीचं लग्न १८१९ च्या वैशाखात होऊन गेलं होतं, म्हणजे स्थळांची भीती संपली होती. बाप सैल झाला असेल असं म्हणायला जागा होती. मी ही शक्यता आजही सोडलेली नाही.

चौथी वाट पुतणीची. वहीची तीन पानं फोटो काढून छापायची: पहिलं वपन, फणी, आणि धान्याचं. शेजारी बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, वाचन. खाली दोन घरांनी सांगितलेल्या दोन गोष्टी, ज्याच्या त्याच्या शब्दांत. निवाडा नाही.

काय ठरलं

चौथी. पण वाद तिथं संपला नाही, कारण मग बारीकसारीक प्रश्न आले आणि खरी झटापट त्यात झाली.

११८ हा आकडा छापायचा का? नाना म्हणाले, 'काही वर्षं' पुरे. मी अडून बसले. 'काही वर्षं' म्हटलं की ते हवेत विरतं. ११८ वेळा म्हटलं की पहाट, परसदार, गोठ्याशेजारचा दगड, थंड पाणी हे सगळं ११८ वेळा. आकडा राहिला.

'सुधारका'च्या वर्गणीचं काय? नानांनीच सुचवलं की ती त्याच पानावर आहे तर तेच पान छापा. मला त्यांचं कौतुक वाटलं. आपला सगळ्यात आवडता पुरावा त्यांनी स्वतःच्या हातानं उलटा ठेवला.

न्हाव्याचं नाव? वहीत ते आहे. मी पणतूला विचारायला गेले. त्यानं खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या मानेवर ब्रश फिरवत उत्तर दिलं, "नाव छापा. पूर्ण. नुसतं 'न्हावी' असं नको." वंशावळीच्या पुस्तकात दुसऱ्या घराचं पूर्ण नाव आडनावासह येणं नाशिककरांना खटकलं. ते आलं.

धान्याच्या पानाखाली काय लिहायचं, यावर सर्वांत जास्त वेळ गेला. माझा मसुदा होता: 'नकाराची शिक्षा म्हणून धान्य कमी केलेलं दिसतं.' नानांनी 'शिक्षा' खोडलं. मी 'कदाचित' घातलं. त्यांनी पुन्हा खोडलं. शेवटी आकडेच छापले, सुतार, लोहार आणि न्हावी यांचे, १८१७ ते १८२३, आणि खाली काहीच लिहिलं नाही. आज ते पान मला सगळ्यात बोलकं वाटतं. तेव्हा मात्र मी हरले असं वाटलं होतं.

निष्पत्ती

पुस्तक संमेलनाच्या आधी हातात आलं. नानांनी भाषणात ते जुनं वाक्य म्हटलं नाही. आक्काचं पान त्यांनी स्वतः वाचून दाखवलं, फणीपर्यंत. धान्याचं पान वाचलं नाही, 'पुस्तकात आहे, पाहा' म्हणाले. जेवणाच्या पंगतीत दोन-तीन वयस्क बायकांनी आपापल्या माहेरच्या अशाच कुणाकुणाची नावं काढली. एकीनं सांगितलं की तिच्या आजीनं पेटीत जुनी फणी जपून ठेवली होती आणि ती कधी वापरली नाही. एका काकांनी मात्र मला बाजूला घेऊन विचारलं, हे सगळं उकरून काय मिळालं. मी त्यांना उत्तर दिलं नाही, वाढपी जिलबी घेऊन आला होता.

न्हाव्याच्या घरच्यांना आमंत्रण होतं. पणतू आला, अर्धा तास थांबला, पुस्तकाच्या दोन प्रती घेऊन गेला. त्याला जेवायचा आग्रह झाला, पण सलून उघडायचंय म्हणाला.

वेगळं काय करता आलं असतं

अर्धं वाचून फोन करायला नको होता, ते वर लिहिलंच आहे. त्या तीन आठवड्यांत नानांनी बाड नदीत सोडलं असतं तर मी काय करणार होते?

धान्याची वही मी शेवटी उघडली, ती पहिल्यांदा उघडायला हवी होती. रोजकीर्दीत घरचा मालक बोलतो. बलुत्याच्या वहीत गावाशी असलेलं त्याचं नातं दिसतं, कोण चढलं, कोण उतरलं. बाईच्या डोक्यावरचे केस ही माजघरातली बाब समजून मी माजघरातच शोधत राहिले. तिचा दुसरा धागा खळ्यावर होता.

आणि न्हाव्याच्या घरी तीन महिने आधी जायला हवं होतं. त्यांच्याकडं कागद नाहीत म्हणून मी त्यांना शेवटी ठेवलं. आधी गेले असते तर म्हातारीचं सांगणं वहीच्या आधी ऐकलं असतं आणि तिच्या दोन तऱ्हांपैकी कोणती जुनी हे ठरवायला अजून कुणीतरी हयात असतं कदाचित. तिची एक जाऊ त्याच पावसाळ्यात वारली, हे मला नंतर कळलं.

पुस्तकाची प्रत द्यायला पुतणी आणि मी गेलो तेव्हा म्हातारी ओट्यावर बसली होती. पणतूनं तिच्या कानाशी ओरडून सांगितलं, आपल्या आजोबाचं नाव छापलंय. तिनं पान हातानं चाचपलं. मग पुतणीनं मोबाइलवर आक्काचा फोटो काढून, बोटांनी मोठा करून तिच्या डोळ्यांपुढं धरला.

म्हातारी बराच वेळ पाहत राहिली. "पदराखालचं दिसत न्हाई व्हय?" तिनं विचारलं. "कितीक वाढलं असतील गं तिचं?"

आमच्यापैकी कुणीच हे आजवर विचारलं नव्हतं.